‘कलकत्ता’चा कप्तान

उद्यमबागेत माझ्या मामांचे एक लहानसे मशीन-शॉप आहे. दाराशीच एक जुना लेथ उभा आहे. मूळचा तो छताखालच्या दांड्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर चालणारा. मामांनी त्याला स्वतंत्र मोटर बसवली आणि एका ठरावीक जॉबसाठी राखून ठेवला. सुट्टीत मामांचा जमाखर्च मी लिहितो. दरवर्षी घसारा आकारून त्या लेथची पुस्तकी किंमत आता एक रुपयावर येऊन थांबली आहे. हिशेबाच्या वहीत तो संपलेला आहे. दुकानात मात्र सकाळी पहिला आवाज त्याचाच होतो.

दुसऱ्या महायुद्धावरचे एक पुस्तक चाळताना मला समुद्रावरही असाच एक ‘लेथ’ सापडला. इंग्लंडच्या आरमारातील ती एक जुनी क्रूझर, नाव ‘कलकत्ता’. आपल्या देशातील शहराचे नाव दिसले म्हणून मी त्या पानावर थांबलो. पुढे वाचता वाचता ध्यानात आले की, ज्या माणसाने या जहाजाचे कप्तानपद भूषविले होते, त्याच्याच हुकुमाने पंधरा वर्षांनी ते आपल्या शेवटच्या सफरीवर निघाले. तो माणूस म्हणजे ॲडमिरल अँड्र्यू कनिंगहॅम. माझ्या लेखाचा विषय ऐकून कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र हसला. आपल्याला समुद्र पाहायचा तर कारवार किंवा गोवा गाठावा लागतो, तू हडगूंवर काय लिहिणार, असे त्याचे म्हणणे. ते खरे आहे. तरी लिहितो.

कनिंगहॅम यांचा जन्म ७ जानेवारी १८८३ रोजी डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. वडील शरीररचनाशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. घरात दर्यावर्दी कोणी नाही. मुलगा दहा वर्षांचा, एडिंबरोच्या शाळेत शिकत होता, तेव्हा वडिलांनी तार करून विचारले की नौदलात जायला आवडेल का. चिरंजीवांनी उलट कळविले की ॲडमिरल व्हायला आवडेल! अशी उत्तरे आपणही लहानपणी देतो आणि मग बी. कॉम.ला येतो. कनिंगहॅम मात्र १८९७ साली ‘ब्रिटानिया’ या शिक्षण-जहाजावर दाखल झाले. बोअर युद्धात ते जमिनीवर तोफा चालविणाऱ्या नाविक तुकडीत होते. १९११ साली ‘स्कॉर्पियन’ नावाची विनाशिका त्यांच्या ताब्यात आली आणि तब्बल सात वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. दार्दानेल्सच्या मोहिमेत याच जहाजावर त्यांचे नाव झाले. पहिले महायुद्ध आणि त्यानंतरची बाल्टिक समुद्रातील कामगिरी मिळून डी. एस. ओ. हा सन्मान त्यांना तीन वेळा लाभला.

विनाशिका म्हणजे लहान, वेगवान, पातळ अंगाचे जहाज. तिच्यावर वाढलेल्या माणसाला कागदी घोडे आवडत नाहीत. कनिंगहॅम शिस्तीला कडक होते, हाताखालच्यांना त्यांचा धाक वाटे, पण जोखीम पत्करताना ते स्वतः पुढे असत. त्यांच्या पुढील आयुष्यातले निर्णय समजून घ्यायचे तर हा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो.

१९२६ साली ते ‘कलकत्ता’चे कप्तान झाले. व्हाइस ॲडमिरल वॉल्टर कोवन यांचे निशाण त्या वेळी या जहाजावर होते आणि कॅनडापासून वेस्ट इंडीजपर्यंतचा सारा टापू त्यांच्या अखत्यारीत होता. या कोवनसाहेबांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. निवृत्तीनंतर, सत्तरीच्या घरात, हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात हट्टाने परत आले, आफ्रिकेच्या वाळवंटात एका भारतीय घोडदळ पलटणीबरोबर राहिले आणि मे १९४२ मध्ये पिस्तूल हातात घेऊन लढताना शत्रूच्या हाती सापडले. अशा वरिष्ठाच्या हाताखाली कनिंगहॅम यांनी ‘कलकत्ता’ चालविली.

जहाज तेव्हा नवेच म्हणायचे. १९१८ च्या जुलैत ते पाण्यात सोडले गेले आणि १९१९ साली पुरे झाले, म्हणजे पहिले महायुद्ध त्याच्या हातून निसटले. वजन सुमारे ४,२०० टन, वेग ताशी २९ सागरी मैल, सहा इंची पाच तोफा आणि पाणतीरांच्या नळ्या. ऑक्टोबर १९२६ मध्ये बर्म्युडावर मोठे चक्रीवादळ कोसळले. गोदीत बांधलेल्या ‘कलकत्ता’चे दोरखंड तुटले, जहाज कसेबसे वाचले. त्याच वादळात ‘व्हॅलेरियन’ हे लहान जहाज बेटाच्या जवळ येऊन बुडाले आणि त्यावरील बहुतेक सारे खलाशी गेले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत कनिंगहॅम चढत गेले आणि ‘कलकत्ता’ उतरत गेली. कनिंगहॅम यांना प्रचंड ‘रॉडनी’चे कप्तानपद मिळाले, १९२९ साली विवाह झाला, पुढे भूमध्य समुद्रातील विनाशिकांचे प्रमुखपद आले. ‘कलकत्ता’ आणि तिच्या जातीच्या इतर क्रूझर (या सर्वांची नावे इंग्रजी ‘सी’ अक्षराने सुरू होत) दरम्यान म्हाताऱ्या झाल्या. नव्या क्रूझरपुढे त्यांचा वेग, चिलखत, तोफा, सारेच कमी पडू लागले. मोडीत घालण्याखेरीज त्यांचा काही उपयोग दिसेना.

त्याच काळात एक नवे संकट उभे राहिले. विमाने वेगवान झाली, मोठे बॉम्ब नेऊ लागली. समुद्रावरचा व्यापारी काफिला म्हणजे ताशी दहा-बारा मैलांनी रांगणारा जहाजांचा तांडा. वरून येणाऱ्या विमानाला याहून सोपे लक्ष्य कोणते? जुन्या क्रूझरच्या सहा इंची तोफा तिथे कुचकामी होत्या, कारण त्यांचे तोंड क्षितिजापासून फार तर तीस अंशांपर्यंत उचलले जाई. शिवाय सुमारे पन्नास किलोंचा गोळा हातांनी भरायचा, तोवर विमान निघूनही जाई.

तेव्हा एक तोड निघाली. जहाजाचे अंग तेच, बॉयलर आणि इंजिने तीच ठेवायची. वरच्या साऱ्या तोफा आणि पाणतीरांच्या नळ्या काढून टाकायच्या आणि त्या जागी विमानविरोधी तोफा बसवायच्या. १९३५-३६ साली ‘कव्हेंट्री’ आणि ‘कर्ल्यू’ या दोन जहाजांवर प्रथम हा प्रयोग झाला. त्यांना चार इंची दहा-दहा एकेरी तोफा मिळाल्या. ‘कलकत्ता’ची पाळी १९३८-३९ साली आली. तिच्यावर चार इंची आठ तोफा जोडीजोडीने, चार बैठकींवर बसविल्या. या तोफांचे तोंड ऐंशी अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ थेट डोक्यावर, वळत असे. गोळा सुमारे सोळा किलोंचा, त्यामुळे भरणे झपाट्याने होई; एक तोफ मिनिटाला पंधरा-वीस गोळे सहज सोडी. जवळच्या माऱ्यासाठी ‘पॉम-पॉम’ नावाची चार नळ्यांची लहान तोफ होती आणि जड मशीनगन होत्या. नवे जहाज बांधायला लागणाऱ्या वेळेच्या आणि पैशाच्या मानाने हे काम फार स्वस्तात झाले. मामांच्या लेथला मोटर बसवावी, तसेच.

पण या सौद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाणतीर गेले, मोठ्या तोफा गेल्या, त्यामुळे शत्रूची साधी क्रूझर समोर आली तरी तिच्याशी सामना करणे या जहाजांना अवघड झाले. त्यांचे काम आता एकच, काफिल्याला चिकटून राहायचे आणि आकाश राखायचे. त्यातही एक मोठी उणीव होती. विमान कुठे आहे, किती वेगाने कुठल्या दिशेला चालले आहे, यावरून गोळा वर पोहोचेल तेव्हा ते कुठे असेल, हे गणित एक यंत्र करीत असे; गोळ्याची घटिकाही त्याच हिशेबाने आधी लावून ठेवावी लागे. विमान एका उंचीवर सरळ जात असेल तर गणित बरे जमे. सूर मारून थेट जहाजावर उतरणाऱ्या जर्मन ‘स्टुका’ने हे गणितच मोडले. आणि दारूगोळ्याचे कोठार मर्यादित. ते रिकामे झाले की तोफ म्हणजे नुसते लोखंड. म्हणजे ही जहाजे खरे पाहता लढाऊ विमानांच्या ऐवजी वापरायचा तात्पुरता उपाय होती. आपल्या बाजूची विमाने डोक्यावर असतील तर ती फार उपयोगी. नसतील तर किती वेळ टिकतील, एवढाच प्रश्न.

जून १९३९ मध्ये कनिंगहॅम भूमध्य समुद्रातील आरमाराचे सरसेनापती झाले. युद्ध सुरू झाल्यावर ‘कलकत्ता’ आधी नॉर्वेच्या किनाऱ्यावर, मग डंकर्कला राबली. नॉर्वेतच तिची बहीण ‘कर्ल्यू’ २६ मे १९४० रोजी बॉम्बनी बुडविली. जूनअखेर फ्रान्सच्या किनाऱ्यावर रात्रीच्या अंधारात ‘कलकत्ता’ची कॅनडाच्या एका विनाशिकेशी टक्कर झाली; ती विनाशिका दुभंगली आणि तिचा कप्तानाचा चौथरा चक्क ‘कलकत्ता’च्या नाळेवर येऊन बसला. एवढे सोसून, डागडुजी होऊन, सप्टेंबर १९४० च्या आरंभी ‘कलकत्ता’ आणि ‘कव्हेंट्री’ अलेक्झांड्रियाच्या बंदरात आल्या. त्यांच्याबरोबर ‘इलस्ट्रियस’ हे नवे विमानवाहू जहाजही आले. जुने जहाज आणि जुना कप्तान अशी पुन्हा एका बंदरात गाठ पडली.

कनिंगहॅम यांच्या कीर्तीचे दिवस हेच. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ‘इलस्ट्रियस’वरून उडालेल्या एकवीस जुनाट, दुपंखी विमानांनी टारांटो बंदरात इटलीच्या तीन मोठ्या युद्धनौका निकामी केल्या. मार्च १९४१ मध्ये मातापान भूशिराजवळ रात्रीच्या लढाईत इटलीच्या तीन जड क्रूझर आणि दोन विनाशिका त्यांनी बुडविल्या. त्या रात्री दोन हजारांवर इटालियन खलाशी मेले. या विजयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ते एवढ्यावरच सोडतो. मधल्या काळात, १० जानेवारी १९४१ रोजी, ‘स्टुका’ विमानांनी ‘इलस्ट्रियस’ची अशी दुर्दशा केली की ती भूमध्य समुद्रातून गेलीच. आकाश कुणाचे, हा प्रश्न त्या दिवशी कनिंगहॅम यांच्यापुढे स्पष्ट उभा राहिला.

बेळगावकर म्हणून इथे थोडे थांबतो. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे, तिची तिसरी पलटण त्याच मार्चमध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढत होती. आपले सैन्य ज्या तांबड्या समुद्रातून सुदानकडे गेले, तिथल्या काफिल्यांच्या राखणीला १९४० साली ‘कलकत्ता’चीच बहीण ‘कार्लाइल’ होती. आणि त्याच मोहिमेत दक्षिणेकडून, केनियातून, चाल करून जाणारे सेनापती होते ॲलन कनिंगहॅम, आपल्या ॲडमिरलसाहेबांचे धाकटे बंधू.

एप्रिलमध्ये ग्रीस पडले. सुमारे पन्नास हजार सैनिक जहाजांवरून काढून आणावे लागले. एका रात्री ‘कलकत्ता’च्या राखणीत निघणाऱ्या काफिल्यातील ‘स्लामाट’ हे डच जहाज, किनाऱ्यावरचे आणखी काही सैनिक घ्यावेत म्हणून, ठरल्या वेळेपेक्षा तासाभराहून अधिक थांबले. उजाडले तेव्हा ते विमानांच्या टप्प्यातच होते. ते बुडाले, आणि त्यातली माणसे वाचवून परतणाऱ्या दोन विनाशिकाही बुडाल्या. एका तासाच्या दयेची ही किंमत. ही नोंद वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

मग क्रीट. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैन्य बेटावर उतरले. इजिप्तमधले इंग्रजी विमानतळ तीनशे मैलांवर, तर जर्मनांचे अगदी जवळच्या बेटांवर. आरमारावर आपली विमाने जवळजवळ नाहीत, अशी स्थिती. कनिंगहॅम यांच्या जहाजांनी समुद्रमार्गे येणारी जर्मन कुमक अडविली, पण दिवस उजाडला की बॉम्बचा पाऊस सुरू होई. १८ तारखेलाच ‘कव्हेंट्री’वर एका रुग्णजहाजाचे रक्षण करताना तोफांचा नेम धरणारा आल्फ्रेड सेफ्टन हा नाविक जबर जखमी झाला, डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही तो जागेवरून हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २२ तारखेला ‘ग्लॉस्टर’ आणि ‘फिजी’ या क्रूझर बुडाल्या. दोघींचा विमानविरोधी दारूगोळा जवळजवळ संपलेला असताना त्यांना दुसऱ्या जहाजाच्या मदतीला पाठविले गेले होते. एकट्या ‘ग्लॉस्टर’वरचे सातशेवर खलाशी गेले. त्याच दिवशी ‘कार्लाइल’वर बॉम्ब पडून तिचा कप्तान ठार झाला.

लंडनचे सेनाप्रमुख मात्र दिवसाउजेडीही जहाजे क्रीटच्या उत्तरेला न्यावीत असा आग्रह धरीत होते. कनिंगहॅम यांनी स्पष्ट नकार कळविला. थोड्या दिवसांत दोन क्रूझर आणि चार विनाशिका गेल्याचा हिशेब त्यांच्यापुढे होता. इथे ते सावध सेनापती दिसतात. पण बेट सोडण्याचा निर्णय होऊन सैन्य परत आणायचे ठरले, तेव्हा याच माणसाने उलट भूमिका घेतली. आता थांबायचे नाही. नवे जहाज बांधायला तीन वर्षे लागतात, परंपरा नव्याने उभी करायला तीनशे, असा त्यांचा हिशेब. सैन्याला नौदलाने वाऱ्यावर सोडले, ही नोंद त्यांना आपल्या खात्यावर नको होती.

आम्हाला ताळेबंदात ‘नावलौकिक’ ही बाब मालमत्तेच्या बाजूला लिहायला शिकवतात आणि लगेच सांगतात की, तिची रक्कम फुगविण्याचा मोह टाळा. २९ मे रोजी ‘ओरायन’ ही क्रूझर अकराशे सैनिक घेऊन परतत असताना तिच्या खच्चून भरलेल्या पोटात बॉम्ब फुटला. सुमारे २६० माणसे मेली, २८० जखमी झाली. ही माणसे परंपरेच्या खात्यावर कशी लिहायची? मी बरेच दिवस यावर विचार केला. कनिंगहॅम यांचा निर्णय मला बरोबर वाटतो; पण तो बरोबर ठरविताना ‘ओरायन’चे नाव घेतले नाही तर ती लबाडी होईल. त्यांनाही तो सोपा गेला नाही. ३० मे रोजी त्यांनी लंडनला लिहून कळविले की, वरिष्ठांना सेनापती बदलावासा वाटत असेल तर आपल्याला त्याचा राग येणार नाही.

३१ मे रोजी शेवटची तुकडी पाठविली गेली. ‘फीबी’ ही क्रूझर आणि चार जहाजे रात्री क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्फाकियाला, पोहोचली. सुमारे चार हजार सैनिक त्यांनी घेतले आणि पहाटे तीनच्या सुमारास निघाली. जवळजवळ पाच हजार किनाऱ्यावरच राहिले आणि कैद झाले. आता ही पाच जहाजे दिवसाउजेडी परत यायची होती. त्यांच्या डोक्यावर आकाश राखायला आणखी तोफा हव्यात, म्हणून कनिंगहॅम यांनी अलेक्झांड्रियाहून दोन जुनी जहाजे सामोरी धाडली, ‘कव्हेंट्री’ आणि ‘कलकत्ता’.

१ जूनची सकाळ. अलेक्झांड्रियापासून सुमारे शंभर मैलांवर, नऊच्या पुढे, सूर्याच्या दिशेने दोन यंकर्स विमाने आली. ऐंशी अंशांपर्यंत वळणारी तोफ होती, पण उन्हात डोळे दिपले की तोफ कुठे वळवायची? पहिल्या विमानाचे बॉम्ब ‘कव्हेंट्री’च्या जवळून पाण्यात पडले. दुसऱ्याचे दोन ‘कलकत्ता’वर बसले. काही मिनिटांत ती बुडाली. ‘कव्हेंट्री’ने पाण्यातून २५५ जणांना वर काढले, शंभरावर गेले. संध्याकाळी ‘फीबी’ आणि तिच्या सोबतिणी चार हजार माणसांसह सुखरूप बंदराला लागल्या. क्रीटमधून एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास सैनिक परत आले. आरमाराच्या तीन क्रूझर आणि सहा विनाशिका गेल्या, अठराशेच्या वर खलाशी गेले. तिसरी क्रूझर म्हणजे ‘कलकत्ता’.

कनिंगहॅम यांना कोणी बदलले नाही. १९४२ साली ते वॉशिंग्टनला गेले, त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेत उतरणाऱ्या मोहिमेचे नौदलप्रमुख झाले, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीचे आरमार त्यांच्या तोफांखाली माल्टाला येऊन शरण उभे राहिले. ऑक्टोबर १९४३ पासून १९४६ पर्यंत ते ब्रिटिश नौदलाचे सर्वोच्च अधिकारी होते. दहा वर्षांच्या मुलाने तारेच्या उत्तरात जे मागितले होते, त्याच्याही पुढे ते गेले.

‘कलकत्ता’च्या बहिणींपैकी ‘कैरो’ ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाच्या काफिल्याबरोबर असताना इटालियन पाणबुडीच्या पाणतीराने गेली. सप्टेंबरमध्ये टोब्रुकजवळ ‘कव्हेंट्री’ गेली. ऑक्टोबरमध्ये ‘क्युरासोआ’ ज्या अवाढव्य ‘क्वीन मेरी’ जहाजाचे रक्षण करीत होती, तेच तिला आडवे कापून गेले. ३३७ माणसे बुडाली. ‘कार्लाइल’ १९४३ साली इतकी जायबंदी झाली की तिची दुरुस्तीच केली नाही. ‘कोलंबो’ आणि ‘कॅलेडॉन’ यांचे रूपांतर उशिरा झाले होते, त्या दोघी युद्धातून वाचल्या आणि नंतर मोडीत गेल्या.

कनिंगहॅम १२ जून १९६३ रोजी लंडनमध्ये वारले. त्यांचा देह पोर्ट्स्मथच्या समोर समुद्रालाच अर्पण केला गेला. तो तिथवर नेणारे जहाज ‘हॅम्पशर’ त्याच वर्षी आरमारात दाखल झाले होते. विमाने पाडण्यासाठी त्याच्यावर क्षेपणास्त्रे होती.